मास्तर वाळूत सापडले

नावडता विषय निघाला की टेलरमास्तरांचे पाय आपोआप चपलांकडे वळत. "आलोच जरा," म्हणायचे आणि स्वारी पसार. गळक्या छताचा विषय त्यांनी असाच मित्राच्या दुकानात बसून घालवला. बायकोचा विषय मात्र वर्षानुवर्षं एकच होता. तिला स्वतःचं दुकान हवं होतं, स्वतःच्या नावाची पाटी लावून. बायकांचे कपडे बेतायची ती, शिवायची ती, आणि पाटीवर नाव मास्तरांचं.

लेकीनं हौसेनं दोघांना परदेश बघायला पाठवलं. तिथे समुद्रकाठी माणसांना गरम वाळूत मानेपर्यंत पुरतात, सांधे मोकळे होतात म्हणे. बाईंनी लगेच मास्तरांचे गुडघे पुढे केले. "मला बाई बीपी आहे," असं म्हणून स्वतः स्टूल ओढून शेजारी बसल्या.

फावडंवालीनं भराभर वाळू ओढली. हात, पाय, पोट सगळं गडप झालं. उरलं नुसतं डोकं.

"बरं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"झकास."

"मग दुकानाचं बोलू या."

मास्तरांनी उठायची धडपड केली. वाळू ढिम्म हलली नाही. "अगं, इथे कुठे?"

"इथेच. घरी तुम्ही सापडत नाही."

मास्तर डोळे मिटून चक्क घोरायला लागले. तेवढ्यात नाकावर माशी बसली. घोरणं थांबलं, नाक वाकडं झालं, मग तोंड.

"अगं, माशी."

"दिसतेय. दुकानाचं काय?"

"आधी हाकल तिला."

"आधी बोला."

माशी शेंड्यावरून ओठावर उतरली. मास्तर रडकुंडीला आले. "काय बोलू? गिऱ्हाइकं तुझ्या हातासाठी येतात, मला काय कळत नाही? तू गेलीस की तीही जाणार. मी एकटा त्या मशीनपाशी बसून काय करू?"

बाईंना एकदम गलबलून आलं. हा माणूस इतकी वर्षं घाबरून पळत होता. त्यांनी माशी उडवली आणि मास्तरांचं नाक हळूच खाजवून दिलं.

"एकटे कशाला? माझ्याकडे या. काजाबटणाला माणूस लागेलच मला."

वेळ संपली तशी फावडंवाली आली. मास्तरांनी मानेनंच तिला थांबवलं.

"पाटी मोठी कर," ते बायकोला म्हणाले. "मला चष्म्याशिवाय तुझं नाव वाचता आलं पाहिजे."