दादांच्या घरातली रविवारची सभा

काल सकाळी दादा गेले. आमचे वडील. तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही.

भांडी घासली. परत घासली. आई म्हणाली, "संघू, बस की गं जरा."

बसलं की छातीत काहीतरी पळायला लागतं. म्हणून ही पोस्ट उभ्यानेच टाइप करतेय.

हा स्वभाव दादांचाच. सहकारी सूतगिरणीत फिटर होते. हातात पाना नसला की त्यांना करमायचं नाही.

मी आठ वर्षांची असताना दुष्काळ पडला आणि गिरणी बंद झाली. "तात्पुरती," असं गेटवर सांगितलं.

आई नर्स. सकाळच्या एसटीने ड्यूटीला जायची, संध्याकाळी यायची. चौसाळा गावातल्या आमच्या दोन खोल्यांत उरलो आम्ही तिघी बहिणी, मे महिन्याची सुट्टी आणि काम गेलेला बाप.

गल्लीतले हसायचे. "काय फिटर, पोरी सांभाळायलेत व्हय?"

दादा म्हणायचे, "मशीनपेक्षा अवघड हाय बे. ह्या बंदच पडत न्हाईत."

त्यांनी भाकरी थापायला घेतली. एकही गोल नाही. मग वाढताना विचारायचे, "सांगा, कोणता जिल्हा?" जी ओळखेल तिला शेंगदाण्याची चटणी जास्त. थोरल्या सुजाताताईचा भूगोल त्या भाकरींवरच पक्का झाला.

आंघोळ घमेल्यात उभं राहून. साबणाआधी एक तांब्या, नंतर दोन. घमेल्यातलं पाणी दारातल्या लिंबाच्या रोपाला. ते कोण घालणार, यावरून आमची मारामारी.

दुपारी बाहेर सोडायची सोय नव्हती, एवढं ऊन. दादांनी पत्र्याच्या दाराला खिळ्याने भोक पाडलं, खिडकीला गोधडी लावली. मिट्ट अंधार. आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रस्ता उमटला.

उलटा!

उलटी एसटी, उलट्या शेळ्या, उलटे चाललेले शेजारी.

धाकटी छकुली चार वर्षांची. ती ओरडली, "दादा, लोकं पडतील की!"

आणि रविवारी आईला सुट्टी, म्हणून सभा. दादा सहकारातला माणूस. सभेशिवाय काही चालतं, हेच त्यांना पटायचं नाही. चेअरमन छकुली, कारण तिचं कुणाशीच भांडण नव्हतं. सचिव दादा. वहीत ठराव, सूचक, अनुमोदक, खाली सगळ्यांच्या सह्या. झाडायचं कुणी, टँकरच्या लाइनीत उभं राहायचं कुणी, सगळं ठरावाने.

घरात लेकरं असतील तर करून बघा. पोरांना सही करायला लई आवडतं.

पण दादा आतून स्वस्थ नव्हते. दोन-तीन दिवस झाले की सायकल काढून गेटवर जायचे. आले की नुसत्या येरझाऱ्या.

एका गुरुवारी ते असेच गेले होते. ताई शेजारी. मी आणि छकुलीने अंगणात चिखलाची चूल करायला घेतली. मग दुसरी चूल. मग अख्खं गाव. बादलीमागून बादली काढत गेलो आणि पिण्याच्या पाण्याचं टिपाड अर्धं झालं.

टँकर यायला चार दिवस होते.

दादा आले. टिपाडात वाकून पाहिलं.

मला मारलं. एक नाही, तीन-चार. कानाखाली.

"कावून सांडलं? कावून?"

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. दुपारी त्यांनी भिंतीवरचा रस्ता लावला, मी आतच गेले नाही.

रविवारी सभा भरली. छकुलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आयत्या वेळचे विषय?"

मी उभी राहिले.

"दादांनी मला मारलं. पाणी सांडलं ही माझी चूक हाय. पण दादा, तुमी गिरणीवर चिडले व्हते. मारलं मला."



दादांनी पेन उचललं. बराच वेळ लिहीत होते. मग नेहमीसारखं वाचून दाखवलं.

"सचिवांनी सभासद संघमित्रा हिला मारले. ही चूक आहे. पुन्हा होणार नाही. सूचक, संघमित्रा." थांबले. "अनुमोदक?"

ताई खाली बघत होती. छकुलीला काही कळेना.

आईने पिठाचा हात वर केला. "मी."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. सही केली. मग मला म्हणाले, "लई लागलं व्हतं का गं?"

"हो."

"गिरणी आता सुरू व्हनार न्हाई, संघू. गुरुवारीच सांगितलं त्यांनी."

हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. ती तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दादा गेटवर गेले नाहीत. पाना घेतला आणि शाळेमागच्या बंद हातपंपाकडे गेले. दांडा मारायला आम्ही तिघी. दोन दिवस खटपट चालली. पाणी गढूळ आलं, पण आलं!

मग त्यांना बोलावणी येत गेली. पुढची कितीतरी वर्षं ते सायकलवर पाने बांधून मांजरसुंब्यापर्यंतच्या गावांतले पंप दुरुस्त करत फिरले.

आमच्यावर परत कधी हात उचलला नाही. आवाज चढायचा. चढला की स्वतःच बाहेर चक्कर मारून यायचे.

काल अंगणात माणूस मावेना. मी कधी पाहिल्या नाहीत अशा बायका आईला धरून रडत होत्या. एक म्हणाली, "आमच्या वस्तीचा पंप फिटरभाऊनीच केलता."

दादा, आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही तुमच्याविरुद्ध बोलू दिलंत. आणि ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलंत. मी आजवर कुणापुढे बोलायला घाबरले नाही.

आईची काळजी करू नका. आमी तिघी हाव इथंच.

निघा आता. मनापासून आदरांजली, दादा.

तुमची संघू