सुभानरावांच्या बाटल्या

सुभानरावांनी एकतीस वर्षं रोज सकाळी झाडांवर संशय घेतला. त्याचाच त्यांना पगार होता. सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका बियाण्याच्या कंपनीत ते एरंडाच्या प्लॉटवर सुपरवायझर होते. एरंडाला बडोद्यात सगळे दिवेला म्हणतात आणि त्याच्या तुऱ्याला माळ. साध्या एरंडाच्या माळेवर खाली पिवळी नरफुलं आणि वर लाल मादीफुलं येतात. संकरित बी करायचं तर आईच्या ओळीत फक्त मादीफुलं हवीत, म्हणजे शेजारच्या ओळीतल्या बापाचाच पराग तिच्यावर पडतो. आईच्याच ओळीत एखाद्या झाडाने चार पिवळी फुलं काढली की तिथल्या तिथे फळ धरतं आणि ते बी संकरित राहत नाही. म्हणून फूल उमलायच्या आत ते झाड उपटायचं. ऊन चढायच्या आधी, ओळीमागून ओळ. काल नीट वागलेलं झाड आज नीट वागेल असं धरून चालायचं नाही, असं ते वरदला शिकवत.

वरद माझा मुलगा. शेतकी पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली लागला, तोही त्यांच्याच शब्दामुळे. हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही त्यांच्या खाली. माणसांशीही त्यांचं वागणं झाडांसारखंच. दूधवाल्याचं माप दोनदा बघणार, रिक्षात बसण्याआधी चाकं बघणार. पणजोबा सरकारात कारकून होते, तेव्हापासून आमच्या घरात कुणी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही, असं हसून सांगायचे.

त्यांच्या मजल्यावरच्या गच्चीत पत्र्याच्या डब्यांत सात-आठ एरंड होते आणि परका पराग पडू नये म्हणून माळांवर मलमलच्या पिशव्या बांधलेल्या. त्यांच्या पत्नी शालिनीताई जुन्या धोतरांच्या त्या शिवत. गच्चीला कुलूप असायचं, त्यामुळे सोसायटीत कुजबुज झाली की वर गांजा लावलाय. सेक्रेटरी पाहायला आले, तेव्हा सुभानरावांनी कुलूप काढून दिलं आणि म्हणाले, "गांजाचं पान बोटाएवढं, हे ताटाएवढं. बसा जेवायला."

त्या संध्याकाळी वरदने मला जरा जास्तच समजावलं. गांजातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परदेशात परवान्याने लावतात तिथे मादीवरच औषध फवारून तिला नरफुलं काढायला लावतात आणि तिचाच पराग तिला देतात, म्हणजे पुढचं सगळं बी मादीचं. काका गच्चीत तेच करतात, फक्त औषधाऐवजी उन्हाच्या भरवशावर. मे महिन्यात शेवटच्या माळांना चार नरफुलं येतात तेवढ्यावर. तुला गांजाचं इतकं कसं माहीत, असं मी विचारलं. पुस्तकात आहे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी त्याचं कपाट तपासलं. काही नव्हतं.

पिशव्या शिवायला मदत म्हणून मी वर जायची, तेव्हा शालिनीताईंनी मला बाटल्या दाखवल्या होत्या. धान्याच्या डब्यांमागे कॉफीच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत मूठभर एरंड्या, वर कागदावर वर्ष आणि आकडा. बी दोन-तीन वर्षांत मरतं, म्हणून एकेक वाण ते गच्चीत पुन्हा वाढवत. मी सुभानरावांना विचारलं होतं, पिढ्यान् पिढ्या स्वतःचाच पराग स्वतःला दिल्यावर वाण खंगत नाही का. मका खंगतो, म्हणाले, चार पिढ्यांत कमरेएवढा राहतो. एरंडाला चालतं. बाटल्या कशाला हे मात्र मी विचारलं नाही. म्हातारपणाचा छंद असेल असं वाटलं.

यंदा फेब्रुवारीत वरदच्या प्लॉटचं बियाणं नापास झालं. विकण्याआधी कंपनी थोडं बी पेरून बघते. चारशे झाडांपैकी ऐंशी झाडं हुबेहूब आईसारखी निघाली, म्हणजे संकर झालाच नव्हता. मॅनेजरने वरदला बोलावून दोनच शक्यता मांडल्या. एक तर तू सकाळी ओळी फिरलाच नाहीस. नाहीतर आईचं मूळ बी बाहेर विकलंस आणि साधं बी पेरलंस. आईचं बी हीच अशा कंपनीची सगळी पुंजी असते, ते कुणाच्या हाती लागलं तर तो उद्या तेच संकरित बी करू शकतो. गेटवर रोज डबे उघडून बघतात ते त्यासाठीच. पंधरा दिवसांत खुलासा दे, नाहीतर पोलिसांत तक्रार.

वरद जेवेना. ह्यांची बाजव्याला रिफायनरीत पाळी, ते घरी आले की दोघं नुसते समोरासमोर बसायचे. वरद रोज पहाटे जात होता हे मला माहीत होतं, डबा मीच देत होते. आणि सुभानराव गप्प. त्यांचा हाताखालचा मुलगा चोर ठरत होता आणि ते रोज जिन्यात मान हलवून पुढे जायचे. मग मला त्या बाटल्या आठवल्या. वर्ष, आकडे, कुलूप, सगळं एका रांगेत उभं राहिलं. स्वतः बी बाहेर काढतात आणि निवृत्तीला सात महिने असताना माझ्या मुलाच्या गळ्यात घालतात, असं मी मनात पक्कं केलं. शालिनीताईंना विचारायचीही मला गरज वाटली नाही. फतेगंजला मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी, माणसं ओळखता येतात असं समजत होते.

मॅनेजरचा नंबर वरदच्या फोनमधून घेतला आणि दुपारी फोन केला.

तिसऱ्या दिवशी कंपनीची जीप आली. मी जिन्यात उभी होते. सुभानरावांनी काही नाकारलं नाही. बाटल्या स्वतः खोक्यात रचून दिल्या, एकेकीचं वर्ष वाचून. एकतीस वर्षं दर हंगामाला आईचं मूठभर बी ते धोतराच्या ओच्यातून बाहेर आणत होते. कंपनी स्वतःचं बी बिघडवेल आणि एक दिवस कुणाकडेच मूळ राहणार नाही, हा त्यांचा संशय. बाहेर एकही दाणा कुणाला दिलेला नव्हता. खोकं उचललं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फेकण्याआधी पेरा. यंदाच्या बियाशेजारी."

मॅनेजरने पेरलं, कदाचित त्यांच्यावरचा गुन्हा पक्का करायला. मेच्या उन्हात दोन्ही ओळी फुलल्या. बाटलीतली आई खालपासून वरपर्यंत लाल. कंपनीने वरदला दिलेल्या बियाच्या ओळीत निम्म्या झाडांना पहिल्याच माळेला पिवळी फुलं. उन्हाने फसवलं असतं तर दोघींना फसवलं असतं. बी वरदच्या हाती येण्याआधीच, आदल्या वर्षी कुठेतरी परक्या परागाने बिघडलं होतं. वरद रोज उपटत होता, पण इतकी झाडं एका माणसाला पहाटे उपटून संपलीच नसती. वरद सुटला.

सुभानराव नाही सुटले. मूळ बी गेटबाहेर नेणं म्हणजे चोरीच, कारण काहीही असो. राजीनामा लिहून घेतला. निरोप समारंभ नाही, काही नाही. कंपनी आता त्यांच्याच बाटल्यांतून आई वाढवते आहे.

जूनमध्ये मी वर गेले. शालिनीताई देवळात गेल्या होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, बाटल्या घराबाहेरच्या एकाच माणसाने पाहिल्या होत्या, वहिनी, हिशेब सोपा आहे.

मला एकच विचारायचं होतं. मी फोन केला नसता तर ते स्वतः बाटल्या घेऊन गेले असते का.

त्यांनी गच्चीकडे पाहिलं. डबे तसेच होते, पिशव्या काढलेल्या.

"नसतो गेलो," ते म्हणाले. "सात महिने राहिले होते. म्हणून तर तुमच्या नजरेला नजर देत नव्हतो."

मग उठले, पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "वरदला सांगू नका. त्याला माझ्याकडे यायचं असतं आणि तुमच्याकडे राहायचं असतं."

मी वरदला सांगितलेलं नाही. तो दर रविवारी वर जातो आणि काका किती मोठे म्हणून सांगत खाली येतो. मी ऐकून घेते. पण त्या माणसाने आयुष्यात माप न बघता एक शब्द उच्चारलेला नाही, आणि 'नसतो गेलो' हे खरं होतं की मला झोप लागावी म्हणून दिलं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. पंधरा दिवसांच्या मुदतीतले अजून नऊ दिवस शिल्लक होते, तेव्हा मी फोन केला होता.