भाट्याची जास्वंद

१९९८ साली माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. माझ्या वडिलांचे डोळे साखरेनेच गेले होते. त्यामुळे मी घाबरलो, पांढरे बूट आणले आणि तीन दिवस चाललो. चौथ्या दिवशी पांघरूण जिंकलं. वर्षभरात असं चारदा झालं. कुठे पोचायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं जाऊन परत यायचं, हा उद्योगच मला बिनडोक वाटायचा.

वरच्या आळीत वडिलांचे एक मित्र राहायचे, निवृत्त मास्तर. वडिलांची नजर गेल्यावर रोज संध्याकाळी येऊन ते त्यांना पेपर वाचून दाखवत. वडील गेल्यानंतर एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. पडवीत गुडघा चोळत म्हणाले, "माझं एक काम करशील? गणपतीला रोज तांबडी जास्वंद लागते रे. खाडीपलीकडे भाट्याला बहिणीकडे आहे, पण मला आता तो पूल चालवत नाही." त्यांनी परडी हातात दिली. "आणि मेल्या, स्कूटरवरून आणू नकोस हो, फुलं कोमेजतात."

मनातून मी चिडलो. पण मास्तर आंघोळ करून देवासमोर ताटकळलेत, हे आठवलं की अंथरुणात पडवत नसे. पूल ओलांडायचा, खाडीचा वारा खायचा आणि सातच्या आत पडवीत हजर. उशीर झाला की मास्तर नुसते घड्याळाकडे बघत. सहा वर्षं हे चाललं. साखर ताब्यात आली. आपण मास्तरांवर केवढे उपकार करतोय, असंही मला वाटायचं.

मग मास्तरांचा मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. निघताना मास्तर घराची किल्ली देऊन म्हणाले, "देव इथेच ठेवतोय. रोज एक फूल वाहत जा हो."

त्या संध्याकाळी दिवा लावायला गेलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या मागच्या परसात डोकावलो. दगडी गडग्याच्या कडेने तांबड्या जास्वंदीची रांग होती, माझ्याहून उंच, फुलांनी भरलेली. मास्तर रोज ही फुलं झाडावर तशीच सोडून माझी वाट बघत बसायचे. विहिरीच्या कठड्यावर बसून मी रडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली खिशात होती, फुलं परसातच होती. मी परडी उचलली आणि भाट्याच्या पुलाकडे चालू लागलो.