म्हसोबाच्या बाटलीचा मान

दारू पिताना किस्से घडतात म्हणे. साफ खोटं! ते सकाळी आठवतात कुणाला? खरे किस्से घडतात सोडल्यावर. आमच्या साखरा गावात दर गुरुवारी मारुतीच्या पारावर आम्ही 'सोडलेले' बसतो. किस्से एवढे साचलेत की सांगायला बसलो तर जेवण राहतं, आणि बायको ताट उचलून नेते!

*

मिटिंग घेतात रिटायर्ड गुरुजी. एकेकाळी तेही आमच्यातलेच. त्यांचं एकच सांगणं: "आपल्यापेक्षा कुणीतरी मोठा माना, त्याच्यावर भार टाका. देवच पाहिजे असं न्हाई."

मेंढरं राखणारा सोपान नवीनच आलेला. म्हणाला, "मंग माझा एडका चालंल का?"

"काहून रे?"

"म्या पिऊन माळावर पडायचो. मेंढरं बराबर घरी कोण आणायचं? त्योच!"

गुरुजींनी एडका पास केला.

*

एकदा मिटिंगमधल्या ध्यानात दिगंबर हॉटेलवाला घोरायला लागला. मी कोपर मारणार, तर गुरुजींनी हात धरला. "झोपू दे. न पिता झोपलाय बिचारा!"

दिगंबर डोळे न उघडताच म्हणाला, "हळू बोला ना गुरुजी, समाधी मोडून राहिली!"

*

मिटिंगच्या शेवटी आम्ही भजन म्हणतो. माझ्या बायकोला संशय, हे भजनाला जातात का गुत्त्यावर? एका गुरुवारी गुपचूप मागून आली, आमचं भजन ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "जात जा बिनधास्त. फक्त गाऊ नका!"

*

मग आली म्हसोबाची जत्रा. देवाला बाटली चढवायचा मान सोपानच्या घराण्याचा. मानकऱ्यानं देवापुढं धार सोडायची, उरलेली प्रसाद म्हणून स्वतः घ्यायची. एक घोट गेला की सोपान परत माळावर, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण त्याची माय रीतीची पक्की. "मान मोडला तर देव कोपंल!"

आम्ही सगळे त्याच्यासोबत गेलो.

सोपाननं बूच काढलं. वास आला तशी त्यानं बाटली लांब धरली. तो देवापुढं मटकन खाली बसला.

"देवा, मला न्हाई झेपत. म्या सोडली. दर गुरुवारी आमची मिटिंग असती. तूबी येत जाय!"

माय पुढं झाली. तिनं बाटली हिसकावली, सगळी मातीत ओतली, आणि म्हसोबावरच खेकसली,

"ऐकलं न्हाई का, लेकरू काय म्हणून राहिलं? आजपासून च्या प्यायचा!"