पिवळ्या पट्ट्यांवरची गाडी

आमच्या रुग्णालयात रक्त घ्यावं तर ताईनंच. शीर सापडत नाही अशी म्हातारी माणसं दारातूनच विचारतात, खुर्चीवाल्या बाई आल्यात ना? ताईचे पाय चालत नाहीत, पण ती स्वतः गाडी चालवत येते. ब्रेकसुद्धा हातानं दाबते. फक्त दार सताड उघडल्याशिवाय तिला चाकांची खुर्ची खाली काढता येत नाही. अपंगांच्या गाडीच्या जागेशेजारी पिवळे पट्टे आखतात ते एवढ्यासाठीच. लोकांना वाटतं, जागा फुकट चाललीय. मग कुणी तिथे गाडी लावून औषधं आणायला जातो, कुणी फोनवर भांडत बसतो. हटकलं तर आपल्यालाच विचारतो, ‘आत्ता कुणी अपंग आलंय का?’ चोराच्या उलट्या बोंबा.

यापायी ताईला वरचेवर उशीर व्हायचा. डिसेंबरात मोठ्या साहेबांच्या सहीचं पत्र आलं. आणखी एकदा उशीर झाला, तर रक्त घ्यायचं काम काढून तिला नोंदींच्या टेबलावर बसवणार होते. नोंदी मीच करतो, म्हणून सांगतो, त्याला ताईसारखा हात लागत नाही.

त्यातच साहेबांनी नव्या वर्षाचा संकल्प सोडला: अपंगांसाठी नवी, रुंद जागा. उद्घाटन एक तारखेला, फीत ताईच्या हस्ते.

ताईची वेळ आठची. पावणेआठला ती आली. दोन कुंड्या, मध्ये लाल फीत, आणि फितीमागे ताज्या रंगावर उभी साहेबांची गाडी. चालक किल्ली खिशात टाकून चहाला गेलेला. साहेब कात्री घेऊन हसत पुढे आले. ताईनं उतरायची तसदी घेऊ नये, फीत तिच्या खिडकीपाशी आणू, म्हणाले. दोन शिपाई खरंच फीत सोडायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईनं घड्याळ पाहिलं. आपली गाडी सरळ साहेबांच्या गाडीची वाट अडवून आडवी लावली, दार सताड उघडलं, खुर्ची काढली आणि आत गेली. मी तिची हजेरी लावली, आठला दोन मिनिटं कमी.

साडेआठला साहेब आमच्या खोलीत आले. ताई एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होती.

“ताई, गाडी काढा. नऊला बैठक आहे, मला उशीर होईल.”

“सहा जण उपाशीपोटी बसलेत, साहेब. त्यांचं झालं की काढते.” तिचा आवाज कापत होता. “आणि उशीर झाला तर काय होतं, ते तुम्हीच मला लिहून दिलंय.”

ताईनं सुई घातली. हात जराही हलला नाही.