पडदाताईचे एकावन्न किलो

नाट्यगृहाचा पडदा ओढायचं काम ती सतरा वर्षं करत होती, म्हणून लहानथोर सगळे तिला पडदाताई म्हणत. जाड मखमलीचा, दोन मजले उंच पडदा. त्याचा दोर छताच्या कप्पीवरून रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात उतरायचा. घंटा झाली की ताई स्टुलावरून उठायची, दोर डोक्याच्या वर दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि सरळ खाली बसायची. की पडदा वर! ओढाताण नाही, धापा नाही. एकशे बत्तीस किलोंची बाई नुसती बसली तरी काम व्हायचं. नट मंडळी म्हणायची, "ताई बसल्याशिवाय आमचं नाटक उभं राहत नाही." ती हसायची. खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. ज्या अंगावरून बसमध्ये आणि कपड्यांच्या दुकानात टोमणे ऐकले, ते अंग एका जागी तरी कुणाला हवं होतं.

चाळिशी उलटली आणि जेवल्यावर तिचे डोळे मिटायला लागले. स्टुलावर बसल्या बसल्या घोरायची. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई वयाने ताईपेक्षा लहान, पण बोलायला फटकळ.

"तुमचं शरीर इन्शुलिन कमी बनवत नाही, उलट भरमसाट बनवतंय. पण शरीरच त्याला दाद देत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ते आणखी ओततं, आणि ते जादा इन्शुलिन चरबी हलू देत नाही. मानेवर काळं झालंय ना, ते त्याचंच."

"मानेवर? तो तर मळ ना?"

"मळ नाही. कधीच नव्हता."

तेराव्या वर्षापासून आई ती मान खरखरीत दगडाने घासत आली होती. मुलीने स्वच्छ राहावं म्हणून. कातडी सोलून निघायची, काळेपणा जायचा नाही, आणि आई म्हणायची, आळशीच आहेस तू. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मग तिला जो राग आला तो काही केल्या जाईना. हा राग पुढे फार कामाचा निघाला.

कारण उपाशी राहून तिने आधी चारदा पाहिलं होतं. दहा किलो उतरायचे, पंधरा चढायचे. नातेवाईक उंटावरून शेळ्या हाकायचे, "कमी खात जा गं." जणू हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! या वेळी डॉक्टरीणबाईंनी वेगळंच सांगितलं. उपाशी राहायचं नाही. ताटात आधी भाजी, मग अंडी नाहीतर डाळ, आणि भात सगळ्यांत शेवटी, मुठीएवढा. चहातली साखर बंद, बिस्किटं बंद. गोळी जेवणानंतर. आणि प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं, ऊन असो की पाहुणे.

गोळीने पहिले तीन आठवडे पोटाची दैना केली. ताईने गोळी सोडली नाही. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात ती खुर्च्यांच्या रांगांमधून चालायची, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत आणि परत. पुढे बाल्कनीचे जिने चढायला लागली. एकदा चार महिने काटा जागचा हलला नाही. "सोड ना आता," आई म्हणाली, "तुझ्या नशिबातच नाही." ताई म्हणाली, "नशिबाला म्हणावं, जेवून चालायला चल माझ्याबरोबर."

अडीच वर्षांत ती एक्याऐंशी किलोंवर आली. एकावन्न किलो गेले. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर ठिकाणावर आली. साखरेने तिच्या वडिलांचा पाय नेला होता, आणि तीच साखर हिच्याही दारात येऊन उभी होती. ती तूर्त तरी परत गेली. मान उजळली. आईने एक दिवस तिचे केस विंचरताना त्या मानेवरून बोट फिरवलं आणि फणी खाली ठेवली. "मी किती घासलं गं तुला," एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. ताईने तिला समजावलं नाही. थोडं रडू दे म्हणाली मनात, मी खूप रडलेय.

इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण पडदा होताच ना.

गेले काही महिने तो जड लागत होता. ताई भिंतीला पाय लावून, खांदे दुखवून कसाबसा वर न्यायची आणि कुणाला बोलायची नाही. एका दुपारच्या प्रयोगाला घंटा झाली, ताईने दोर धरला आणि बसायला गेली, तर बसताच येईना. पडदा नटांच्या कमरेपर्यंत उठून थांबला आणि ताई जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिली. प्रेक्षकांना फक्त पाय दिसत होते, आणि राजाच्या एका पायात निळा मोजा होता, दुसऱ्यात तपकिरी. हशा पिकला. नाट्यगृहाचे जुने सुतारकाका धावत आले, त्यांनी दोराला मिठी मारली, तेव्हा कुठे पडदा वर गेला.

मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त स्वतःच्या सोयीपलीकडे त्याला दिसत नसे.

"ताई, तब्येत सुधारली, आनंद आहे. पण एवढं बारीक व्हायची काय गरज होती? थोडं परत भरा ना. वीस किलो. महिनाभर वेळ देतो." त्याने बिस्किटांचा डबाही पुढे सरकवला. "नाहीतर तिकीट खिडकीवर बसावं लागेल. दिवसभर खुर्चीत. पडद्याला मी कुणीतरी भारी माणूस बघतो."

ताईने डबा परत सरकवला. बाहेर येऊन ती पडद्याकडे गेली. सुतारकाका कोपऱ्यात दोर तपासत होते. त्यांनी तिच्याकडून सगळं ऐकलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"पोरी, तुझ्या आधी इथे एक काडीपैलवान होता. एका हाताने पडदा उचलायचा."

"एका हाताने? कसा?"

काकांनी कोपऱ्यातली, पडद्याच्या दोराला टांगलेली लोखंडी चौकट दाखवली. पडद्याचा भार तोलायला तिच्यात लोखंडाच्या विटा रचलेल्या होत्या, आणि वरचा भाग रिकामा होता. तिला वाटायचं, ती तशीच असते.

"तू आलीस तेव्हा तू बसलीस की पडदा सुसाट जाऊन छताला धडकायचा. तुला हळू ओढायला शिकवायचं सोडून मॅनेजर म्हणाला, पोरगी भारी आहे, लोखंडच काढा. बारा किलोंच्या सात विटा मीच काढल्या. चुकलं माझं."

ताई स्टुलावर बसली. सतरा वर्षं ज्याचा अभिमान बाळगला ते असं होतं तर. पडद्याला तिची गरज कधीच नव्हती. ती सात विटांच्या जागी बसत होती, आणि आता त्या विटांसाठी तिने पुन्हा आजारी पडायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"कुठे आहेत विटा?"

"मॅनेजरच्या फायलींच्या कपाटाखाली. ओल लागू नये म्हणून. पण विचार कर. विटा परत घातल्या की हा पडदा कुणीही ओढेल. मग तुझी काय मातब्बरी?"

तिने विचार केला. फार वेळ नाही केला.

ऑफिसात जाऊन तिने मॅनेजरसमोर कपाट एका बाजूने उचलून धरलं आणि काकांनी विटा ओढून काढल्या. कपाट जमिनीवर आदळलं, दोन फायली खाली पडल्या, मॅनेजर "अहो, अहो" करत उभा राहिला. ताईने एकेक वीट स्वतः उचलून नेली. बारा किलो हातात घेतल्यावर तिला कळलं, असल्या चार विटा आणि वर थोडं, एवढं ओझं ती अंगावर घेऊन वावरत होती. सातवी वीट चौकटीत बसली.

"ओढा साहेब," ती मागोमाग आलेल्या मॅनेजरला म्हणाली.

त्याने बिचकत दोर ओढला. पडदा सुळकन वर गेला. त्याने खाली सोडला, पुन्हा वर नेला. त्याला मजाच वाटायला लागली.

"अरे, हे तर कुणालाही जमेल!" आणि मग त्याच्या लक्षात आलं. "मग ताई, तुमची गरज काय राहिली आता?"

"या दोराला काहीच नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला, तिने चढू दिला. "प्रवेश ऐकून वेळेवर पडदा उठवायला आणि पाडायला माणूस लागतो, ते मी करते आणि करत राहीन. कायम नोकरी आहे माझी, आणि काम मला आवडतं. पण वजन म्हणून राहणार नाही. वडील गेले त्या संध्याकाळीही प्रयोग होता. दुसरं कुणी हा पडदा उचलू शकत नाही म्हणालात, आणि मी स्मशानातून थेट इथे आले."

मॅनेजरने हातातला दोर तिच्यापुढे केला.

"उद्यापासून पंधरा दिवस मी रजेवर आहे," ताई म्हणाली. "पडदा तुम्ही ओढा."