बुचाचा फ्लोट

नेरेइदा पेद्रोसो एकोणिसाव्या वर्षी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लेथवर उभी राहिली, तेव्हा तिथे बाई म्हणून ती एकटीच होती. पहिल्याच दिवशी पुरुषांनी तिच्या हत्यारांच्या पेटीत मेलेला बेडूक ठेवला. तिने तो पायाला धरून उचलला, फोरमनच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्याचं माप इंचात घेऊ की मिलिमीटरमध्ये?" पुढची तीस वर्षं तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

दोस पाल्मास हे क्यूबातलं गावच कारखान्याच्या चिमणीभोवती वसलेलं. त्र्याण्णव साली ती चिमणी महिनोन् महिने थंड होती. रशियन जहाजं यायची थांबली आणि त्यांच्या मागोमाग तेल, साबण, सुटे भाग, सगळंच थांबलं. नेरेइदा थांबली नाही. कुकरची शिट्टी, स्टोचा बर्नर, सायकलचे छरे, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचा खटका. जे मोडेल ते लोक तिच्या दारात आणून ठेवत आणि तिला 'उस्ताद' म्हणत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना ह्या जुगाडाचं भारी कौतुक. काय डोकं आहे तुम्हा क्यूबातल्या लोकांचं, म्हणतात. डोकं कसलं? दुकानात मिळत असतं तर कोण झक मारायला कुकरची शिट्टी घासत बसलं असतं?

नेरेइदाची एक धाकटी बहीण होती, मिरेलिस. अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे नेरेइदानेच तिला वाढवलं, शाळेत मास्तरीण केलं आणि बेकरीत काम करणाऱ्या लेओविहिल्दोशी, म्हणजे लेओशी, लग्नही लावून दिलं. अडतिसाव्या वर्षी मिरेलिसची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिला पन्नास किलोमीटरवरच्या मातान्सासला जाऊन रक्त धुऊन घ्यावं लागे. सुरुवातीला सरकारी टॅक्सी यायची. पेट्रोल आटलं तशी टॅक्सी बंद झाली. मग लेओने बापाची जुनी मोटरसायकल बाहेर काढली. पन्नास सालची अमेरिकन, बाजूला बसायची डोली जोडलेली. डोलीत मिरेलिस, हँडलवर लेओ, असे ते दोघे जात.

एप्रिलमध्ये ती मोटरसायकल गळायला लागली.

"तिथली नर्स काय म्हणते माहितेय?" मिरेलिस सांगत होती. "म्हणते, बाई, तुम्ही आलात की आम्ही सिगारेट विझवतो. इतका वास येतो माझ्या अंगाला पेट्रोलचा."

"जरा साबण चोळला असता तर तात्पुरतं थांबलं असतं," लेओ म्हणाला.

"साबण असता तर आधी तुला चोळला असता," नेरेइदा म्हणाली आणि कार्बोरेटर खोलायला बसली.

दुखणं तिला लगेच सापडलं. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो तरंगत वर येतो आणि एक सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. हा फ्लोट बुचाचा होता, बापाच्या काळातला. त्याच्यावरचा लेप उडाला होता, बूच पेट्रोल पिऊन जड झालं होतं आणि तळाशी बसलं होतं. फ्लोट बुडाला की वाट बंद होत नाही. वाटी भरून वाहते आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकत राहतं. आजवर पेटली नाही हेच नवल.

नेरेइदाने कार्देनास बंदरातल्या एका कोळ्याकडून जाळ्याची दोन जुनी बुचं मिळवली. दाढीच्या पात्याने त्यांना घोड्याच्या नालाचा आकार दिला. गावातल्या सुताराकडे चपडा होता, फर्निचरच्या पॉलिशचा. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून तिने एकावर एक पाच हात दिले; एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. असे दोन फ्लोट केले, एक बसवायला आणि एक राखीव. उरलेल्या बुचाच्या तुकड्यांनाही तोच लेप देऊन डबीत ठेवले. नमुना जपून ठेवायची तिची जुनी खोड होती.

"नीट ऐक," तिने लेओला बजावलं. "टाकीत पेट्रोलच. अगदीच नड आली तर थोडं रॉकेल. पण अल्कोहोलचा थेंब घालायचा नाही. चपडा पेट्रोलला दाद देत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र साखरेसारखा विरघळतो."

"कळलं."

"काय कळलं ते सांग."

"अल्कोहोल फक्त लेओने प्यायचं, गाडीने नाही," मिरेलिस म्हणाली. तिघंही हसली. ते हसू नेरेइदाला पुढे फार दिवस छळणार होतं.

तीन महिने फ्लोटने एक थेंब सांडू दिला नाही. मग जुलैमध्ये गावच्या पंपावर पेट्रोलच आलं नाही. आजाऱ्यांसाठीची कुपनं हातात घेऊन लेओ रोज रांगेत उभा राही आणि तसाच परत येई. सोमवार हुकला. बुधवारी तिघं पहाटेपासून हमरस्त्यावर बसली, पण एकही ट्रक थांबला नाही. दवाखान्याची रुग्णवाहिका चाकं काढून विटांवर ठेवलेली. मिरेलिसचे पाय असे सुजले की चप्पलही चढेना. आडवी झाली की तिला धाप लागे, म्हणून ती रात्रंदिवस खुर्चीत बसून असे. खायचेही हाल होते. तिला केळी आणि रताळी वर्ज्य, आणि त्या वर्षी रेशनवर केळी आणि रताळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी लेओने चार लिटर अल्कोहोल आणलं. कारखान्याच्या दारूभट्टीतलं. निम्मं गाव त्याच्यावर गाड्या चालवत होतं.

"टाकीत दोन लिटर पेट्रोल आहे," तो म्हणाला. "हे घातलं तर जाऊन येता येईल. पण तुझा फ्लोट..."

नेरेइदाने डबीतला बुचाचा एक तुकडा काढला, काचेच्या ग्लासात एक भाग पेट्रोल आणि दोन भाग अल्कोहोल घेतलं आणि तुकडा त्यात सोडला. घरात चूल पेटलेली होती, म्हणून ग्लास अंगणात आंब्याखाली नेला. शेजारी गजराचं घड्याळ ठेवलं आणि स्वतः पाट घेऊन बसली. तासाभराने लेपावर पांढरी साय आली. दोन तासांनी कडा मऊ पडल्या. तीन तास दहा मिनिटांनी तुकडा तळाशी गेला.

तिने हिशेब केला. मातान्सासचा रस्ता दीड तासाचा. फ्लोट त्याच्या दुप्पट टिकतो. पोचल्यावर इस्पितळाच्या आवारात टाकीचा नळ बंद करून वाटी रिकामी करायची, निघताना राखीव फ्लोट बसवायचा आणि त्यावर परत यायचं. दुप्पट माया ठेवली की काम बिघडत नाही, हे तिला लेथने शिकवलं होतं.

"उद्या मीही येते मागे बसून," ती म्हणाली. "बसवायला मी लागेन."

लेओ आंब्याखाली उभा राहून ग्लासाकडे बघत होता. "बरं," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी आठला ते निघाले. राखीव फ्लोट नेरेइदाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला. मिरेलिसच्या पायांत लेओचे मोजे.

"काय थाट आहे," ती डोलीतून म्हणाली. "नवरा सारथी, मागे माझी स्वतःची इंजिनिअर. मंत्र्याची बायको अशी फिरत नसेल."

"बोलू नको, धाप लागेल."

"मास्तरणीला गप्प बसवतेय ही."

जुलैचं ऊन आठलाच चटके देत होतं. नेरेइदाने मांडीवर घड्याळ धरलं होतं. अर्धा तास. चाळीस मिनिटं. लिमोनार गावाच्या अलीकडे चढ लागला, लेओने गिअर उतरवला, इंजिन कण्हायला लागलं आणि तिच्या पोटऱ्यांना त्याची धग जाणवली. ही धग कार्बोरेटरच्या वाटीलाही लागते आहे, हे तिच्या मनात आलं ते त्या क्षणी, आधी नाही. मिश्रण ग्लासात गार होतं, स्थिर होतं. इथे ते तापलेलं आणि हिंदकळणारं होतं.

वास आला. इंजिनाने दोन आचके दिले. तिने वाकून पाहिलं तर वाटीच्या काठावरून धार लागली होती.

"नळ बंद कर, लेओ! थांबव!"

लेओचा हात टाकीखालच्या नळाकडे गेला आणि तो ओरडला. ज्वाळा दिसलीच नाही. अल्कोहोलची आग उन्हात दिसत नाही. टाकीवरचा रंग फुगून सोलताना दिसला, तेव्हा तिला कळलं की गाडी पेटली आहे. ती उडी मारून डोलीशी गेली, मिरेलिसला काखेत हात घालून ओढलं. मिरेलिस पाण्याने जड झाली होती. एकदा ओढून निघाली नाही, दुसऱ्यांदा दोघी गवतात कोसळल्या. लेओ जळक्या हाताने माती फेकत राहिला. मग टाकीचं झाकण उडालं आणि त्यानेही नाद सोडला.

पुढच्या चौकात पिवळ्या गणवेशातली बाई उभी असते, सरकारी ट्रक अडवून वाटसरूंना चढवून देणारी. लेओ तिच्यापर्यंत पळत गेला. ट्रक मिळायला पाऊण तास गेला. त्यात रताळ्यांची पोती होती. त्यांच्यावर मिरेलिसला निजवलं आणि नेरेइदाने तिचं डोकं मांडीवर घेऊन उंच धरलं.

"बघ," मिरेलिस पुटपुटली. "एवढं पथ्य केलं, आणि शेवटी रताळ्यांवरच आले."

"गप्प राहा गं."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती टिकला?"

"पन्नास मिनिटं."

"तू तीन तास म्हणाली होतीस."

"सावलीत मोजलं मी," नेरेइदा म्हणाली. "गार जागी. आंब्याखाली. मोजायचं होतं ते तापल्या इंजिनाजवळ. ही चूक शिकाऊ पोरसुद्धा करत नाही, मिरे."

मिरेलिसचे ओठ जांभळे पडत चालले होते. तिने बहिणीचं मनगट धरायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोर नव्हता. "तू चुकलीस हे मी पहिल्यांदा ऐकतेय," ती म्हणाली. "कोणाला सांगू नको. धंदा बसेल तुझा."

पुढे ती बोलली नाही. नेरेइदाने तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. ठोके एकमेकांपासून लांब लांब जात होते आणि मातान्सास अजून दहा किलोमीटर लांब होतं. ट्रकवाल्याने जमेल तेवढा पळवला. इस्पितळाच्या दारात डॉक्टर धावत आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अख्खं गाव मातीला आलं. नेरेइदा दिसेल त्याला सांगत होती, मी सावलीत मोजलं, चूक माझी. लोक तिचा खांदा थोपटत आणि म्हणत, उस्ताद, तुमच्या हातात होतं ते सगळं केलंत. सुतार म्हणाला, देवाची इच्छा. तिला वाटलं, त्याच्या तोंडात मारावी. देवाने घड्याळ लावलं होतं का? कोणी शिव्या दिल्या असत्या तर तिला थोडं हलकं वाटलं असतं, पण त्या गावात तिला शिवी द्यायची कोणालाच सवय नव्हती.

नवव्या दिवशी लेओ आला. हाताला फडकं बांधलेलं. ती लेथजवळ स्टुलावर बसली होती. लेथ बंद होता. तिने त्याला वाटाणे भाजून केलेली कॉफी दिली. त्याने कप डाव्या हातात घेतला.

"लेओ," ती म्हणाली, "तू तरी बोल. मी मारलं तिला. सावलीत मोजलं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"सावलीत होतं ते." तो जमिनीकडे बघत होता. "मी तिथंच उभा होतो ना. मनात आलं, ग्लास गार आहे, गाडी तापते. इंजिनाजवळ ठेवून बघावं."

"मग?" नेरेइदाने विचारलं.

"मग म्हटलं, नेरेला हे सुचलं नसेल होय? तिने धरलं असेल हिशेबात. आपण कोण सांगणारे, पाव भाजणारे."

"विचारायचं होतंस," ती म्हणाली. "लेओ, तू विचारायचं होतंस रे."

"मागे एकदा विचारलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते ऐकवेना. "पाण्याच्या पंपाच्या वॉशरचं. हे चामडं पातळ नाही ना, एवढंच म्हटलं. तू वॉशर माझ्या अंगावर फेकलास आणि तीन महिने आमच्या घरी आली नाहीस. मिरे रडायची. मला म्हणाली, पुन्हा तिला काही विचारत जाऊ नकोस."

त्याने कप लेथच्या कडेवर ठेवला आणि उठून गेला. नेरेइदा स्टुलावर बसून आठवायला लागली, कुठला पंप, कुठला वॉशर, कुठलं साल. संध्याकाळपर्यंत आठवत बसली. तिला काही केल्या आठवेना.